ठाण्यावरचा डॉक्टर



आमच्यासारख्या माणसाला व्याख्यानाला बोलावले, की चालकांची अपेक्षा ठरलेली असते. बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार, नवे कायदे, यांवर चार गोष्टी सांगाव्यात. त्या आम्ही एरवी गेटावर सांगतच असतो. आज आम्ही आपल्यापुढे एका डॉक्टरची हकीगत ठेवणार आहोत. ती अमेरिकेतली आहे आणि सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीची आहे. कामगार चळवळीतल्या माणसाला ती का सांगावीशी वाटली, हे ऐकता ऐकता आपल्या ध्यानात येईल.

चळवळीत काम करणाऱ्याची रोज तीन माणसांशी गाठ पडते: पगार वाटणारा, पहारा करणारा आणि डॉक्टर. पहिल्या दोघांविषयी आमची मंडळी खूप बोलली आहेत. डॉक्टरविषयी फारसे कोणी बोलत नाही. बोट तुटलेला कामगार दवाखान्यात जातो, तेव्हा डॉक्टर कागदावर जी एक ओळ लिहितो तिच्यावर त्या घराचे पुढचे वर्ष अवलंबून असते. जखम यंत्रावर झाली की घरी झाली? माणूस कामाला लायक आहे की नाही? लिहिणाऱ्याचा पगार मालकाच्या तिजोरीतून येतो आणि समोरचा देह कामगाराचा असतो. अशा जागी बसलेल्या माणसाने करायचे काय, हा प्रश्न आम्हांला फार वर्षे छळीत आला आहे. तो शोधता शोधता एका सार्वजनिक वाचनालयात चार्ल्स ईस्टमन या डॉक्टरचे आत्मचरित्र आमच्या हाती लागले. शब्दकोश शेजारी ठेवून ते आम्ही वाचले.

स्थळ आहे दक्षिण डाकोटातील पाइन रिज. लाकोटा लोकांचा हा राखीव प्रदेश. जुन्या पुस्तकांतून यांना ‘तांबडे इंडियन’ म्हणत. आपण त्यांना त्यांच्याच नावाने लाकोटा म्हणू. १८६८ साली अमेरिकन सरकारने त्यांच्याशी तह केला आणि मिसूरी नदीच्या पश्चिमेचा मोठा मुलूख, ब्लॅक हिल्ससकट, त्यांचा म्हणून मान्य केला. १८७४ साली त्या डोंगरांत सोने सापडले आणि १८७७ साली कायदा करून डोंगर काढून घेतले. १८८९ साली उरलेल्या मुलखाचेही तुकडे झाले आणि मधली जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली झाली. बैलासारखे दिसणारे ते रानगवे, ज्यांच्यावर या लोकांचे अन्नवस्त्र चालत असे, ते गोऱ्या शिकाऱ्यांनी आधीच संपवले होते. तेव्हा खायचे काय? सरकार देईल तो शिधा. तहात लिहिलेला, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात मिळणारा. पण वाटणारा असा वाटे, की जणू भीक घालतो आहे.

आणि वाटणारा कोण, तर एजंट. हा शब्द नीट ध्यानात घ्या. शिधा त्याच्या हाती, पोलीस त्याच्या हाताखाली, कोठडी त्याची, राखीव प्रदेशाबाहेर पाऊल टाकायचे तर परवाना त्याचा. शाळेचा मास्तर, लोहार, डॉक्टर, सारे त्याचे ताबेदार. आपल्याकडे एके काळी गिरणीत जॉबर असे. नोकरीवर घेणारा तोच, काढणारा तोच, दस्तुरी खाणाराही तोच. त्या जॉबरला पोलिसपाटलाचे आणि रेशन दुकानदाराचेही अधिकार दिले, तर जो प्राणी तयार होईल तो हा एजंट.

१८९० च्या शरद ऋतूत पाइन रिजवर डॅनिएल रॉयर नावाचा नवा एजंट आला. नेमणूक राजकीय वशिल्याची, लाकोटांचा अनुभव शून्य. लोकांनी त्याचे जे नाव ठेवले त्याचा अर्थ ‘इंडियनांना भिणारा तरुण’ असा होतो. नावे ठेवण्यात श्रमिकांचा हात कोणी धरू शकत नाही, हे आमच्या गेटावरही आम्ही पाहिले आहे. त्याच सुमारास वॉशिंग्टनने पाइन रिजच्या वाट्याचे गोमांस वर्षाला १० लाख पौंडांनी कमी केले होते. शेजारच्या रोझबडचे २० लाखांनी. वरून दुष्काळ. नेमके तेव्हाच नेवाडातील वोवोका नावाच्या एका पायूट माणसाने एक नवा धर्म सांगितला: नाचा, प्रार्थना करा, मेलेले आप्त परत येतील, रानगवे परत येतील. उपाशी लोक रिंगण धरून नाचू लागले. रॉयर घाबरला आणि सैन्यासाठी तारा करू लागला.

अशा वेळी, नोव्हेंबर १८९० मध्ये, ३२ वर्षांचा एक नवा सरकारी डॉक्टर तेथे रुजू झाला. तो स्वतः डकोटा होता; म्हणजे लाकोटांचा भाऊबंद, भाषा जवळजवळ तीच. जन्म १८५८, मिनेसोटातला. आई बाळंतपणानंतर गेली म्हणून घरात ‘बिचारे शेंडेफळ’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारीत. पुढे ‘ओहियेसा’ म्हणजे ‘विजयी’ हे नाव मिळाले. १८६२ साली, शिधा आणि पैसा वेळेवर न मिळाल्याने डकोटांनी उठाव केला. त्यानंतर डिसेंबरात मॅनकाटो येथे एका दिवशी ३८ जणांना फाशी दिले. वडील पकडले गेले. मेलेच असे समजून आजीने व चुलत्याने मुलाला कॅनडात पळवले आणि तो रानात वाढला. १५ व्या वर्षी वडील अकस्मात दारात उभे! कैदेतून सुटलेले, ख्रिस्ती झालेले, शेतकरी बनलेले. त्यांनी मुलाला शाळेत घातले. डार्टमथ कॉलेजातून तो १८८७ साली पदवीधर झाला आणि बॉस्टन विद्यापीठातून १८९० साली डॉक्टर.

येथे थोडे आडवळण घेतो. आपल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून १८८६ साली डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयात त्याच वर्षी ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश ही मुलगी दाखल झाली. १८८९ साली ती डॉक्टर झाली आणि आपल्या माणसांत परत जाऊन दारूविक्यांशी भांडत राहिली. आनंदीबाईंना काळाने तेवढी सवड दिली नाही. असो.

ईस्टमन पाइन रिजच्या दवाखान्यात गेला तो त्याला भिंतीला एक भोक दिसले. आधीचे डॉक्टर आत बसत, रोगी बाहेरच्या बोळात उभा राही आणि औषधाची पुडी त्या भोकातून बाहेर येई. नाडी पाहायची नाही, तोंड पाहायचे नाही. ईस्टमनने पहिल्या दिवशी पाळी लागली ती माणसे आत बोलावली, बसवली आणि त्यांच्या भाषेत विचारले, काय होते? आम्हांला विचाराल तर त्याच्या साऱ्या पुढच्या भांडणाची सुरुवात येथेच झाली. आत आलेला रोगी नुसता खोकला सांगत नाही. पोर का वाळले ते सांगतो, शिधा किती आठवडे पुरला ते सांगतो. भोक होते तोवर डॉक्टरला यातले काहीच कळण्याची सोय नव्हती, आणि न कळणे एजंटाच्या सोयीचे होते. सहा हजारांच्या वस्तीचा हा डॉक्टर. घोड्यावर बसून तो तंबूतंबूत जाऊ लागला.

शिधावाटपाच्या दिवशी एकाला पकडण्यावरून गर्दी खवळली. अमेरिकन हॉर्स नावाच्या सरदाराने मध्ये पडून ती शांत केली. त्यानंतर एजंटाने काही जणांचा सल्ला घेतला, त्यांत या डॉक्टरचाही. डॉक्टरने सांगितले, की उठावाचा काही कट दिसत नाही. सैन्य आणलेत, तर नाचणारे लोक त्याला धमकी समजतील आणि नको ते ओढवेल. एजंटाने ऐकून घेतले आणि करायचे तेच केले. २० नोव्हेंबरला घोडदळ आणि पायदळ पाइन रिजवर उतरले.

आधी आले त्यांत नववे घोडदळ होते. शिपाई सगळे काळे, अधिकारी बहुतेक गोरे. गुलामगिरीतून सुटलेल्यांची ही मुले. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील ज्या सज्जनांना अर्पण केले, ते याच गुलामांच्या मुक्तीसाठी झटले होते. त्या अर्पणपत्रिकेत काही चूक नव्हती. पण त्याच देशाने त्याच दशकात लाकोटांचे डोंगर घेतले, आणि मुक्त झालेल्यांच्या हाती बंदूक देऊन त्यांना दुसऱ्या गुलामांच्या पहाऱ्यावर उभे केले. हा डाव आम्हांला अपरिचित नाही. संप मोडायला ज्यांना आणतात, तेही उपाशी घरचेच असतात.

पुढचा भाग आम्ही थोडक्यात सांगतो. त्याचे वर्णन करण्याची आम्हांला हौस नाही. १५ डिसेंबरला सिटिंग बुल या वृद्ध नेत्याला अटक करायला गेलेल्या पोलिसांनी ठार केले. ते ऐकून बिग फूट नावाचा सरदार सुमारे ३५० माणसे घेऊन पाइन रिजकडे आश्रयाला निघाला. तो न्यूमोनियाने आजारी, छकड्यात पडलेला. २८ तारखेला सातव्या घोडदळाने त्यांना गाठून वूंडेड नी ओढ्याकाठी उतरवले. २९ च्या सकाळी कर्नल फोर्साइथ याने भोवती सुमारे ५०० शिपाई आणि टेकाडावर चार हॉचकिस तोफा लावून शस्त्रे काढून घ्यायला सुरुवात केली. झटापटीत एक गोळी सुटली. मग तोफा चालल्या. पळणाऱ्या बायकापोरांचा पाठलाग मैलोगणती झाला. नंतर एका चरात १४६ प्रेते पुरली. नातलगांनी आधी उचलून नेली ती निराळी.

हे ठिकाण पाइन रिजच्या कचेरीपासून १८ मैलांवर. तोफांचे आवाज तेथे ऐकू आले. वस्तीत धावपळ उडाली, पुष्कळांनी डॉक्टरला निघून जाण्याचा सल्ला दिला. तो आणि त्याची वाग्दत्त वधू, शाळाखात्यातली एलेन गुडेल, दोघेही थांबली. रात्री जखमी आले. एपिस्कोपल पंथाच्या लहानशा चर्चमधली बाके उखडून बाहेर टाकली, जमिनीवर गवत पसरले, त्यावर गोधड्या घातल्या आणि जखमींना ओळीने निजवले. नाताळाला चार दिवस झाले होते. भिंतींवर हिरव्या पानांच्या माळा तशाच होत्या. तिसाहून अधिक जखमी, बहुतेक बायका आणि मुले. लष्कराचे शल्यवैद्य मदतीला पुढे झाले. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण जखमींनी त्यांना हात लावू दिला नाही. ज्यांनी गोळ्या घातल्या त्यांच्याच अंगावरचा हा पोशाख. तो आता डोळ्यांपुढे नको, असे त्या बायकांचे म्हणणे. तेव्हा ओझे ईस्टमनवर आणि त्याच्या सोबत्यांवर पडले. पुष्कळसे जखमी वाचले नाहीत. वाचलेल्यांत काही मुले अशी होती, की त्यांचे म्हणावे असे कोणीच उरले नव्हते.

त्यानंतर हिमवादळ झाले. ते थांबताच १८९१ च्या १ जानेवारीला ईस्टमन सुमारे १०० लोकांची टोळी घेऊन, बहुतेक सारे लाकोटाच, त्या ओढ्याकडे गेला. पहिले प्रेत सापडले ते एका बाईचे, मुख्य जागेपासून तब्बल तीन मैलांवर, बर्फाखाली. तेथून पुढे प्रेतांची वाटच लागली होती. सोबतचे लोक आपापली माणसे ओळखून हंबरडा फोडीत होते. तरी वादळातूनही काही जीव तगले होते: एक वर्षभराचे मूल, छकड्याखाली सरपटत गेलेली एक आंधळी म्हातारी. डॉक्टरने त्यांना गाडीत घातले. आपल्या लोकांनी सुधारणेचा जो मार्ग धरावा असे आपण सांगत होतो, त्याच मार्गाने गेलेल्यांचे हे काम पाहणे किती कठीण गेले, ते त्याने पुढे स्वतः लिहिले आहे.

फोर्साइथची चौकशी झाली. जनरल माइल्स याने त्याला दूर केले होते. वॉशिंग्टनने निर्दोष ठरवून परत बसवले, आणि पुढे तो मेजर जनरल होऊन निवृत्त झाला. सुमारे २० शिपायांना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. १९९० साली अमेरिकन काँग्रेसने या घटनेबद्दल खेद व्यक्त केला. पण २०२५ च्या सप्टेंबरात तेथील संरक्षणमंत्र्याने ती पदके कायम राहतील असे जाहीर केले आहे.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याला वाटेल, की वूंडेड नीनंतर या डॉक्टरची नोकरी गेली असेल. तसे झाले नाही. जखमींची शुश्रूषा केली, प्रेते उचलली, याबद्दल त्याला कोणी काढले नाही. उलट नाव झाले. जूनमध्ये लग्न झाले. नोकरी गेली ती दुसऱ्याच कारणावरून, आणि ते कारण आमच्या परिचयाचे आहे. पैशांचे वाटप!

त्या धामधुमीत सरकारशी एकनिष्ठ राहिलेल्या लाकोटांचेही नुकसान झाले होते. घरे लुटली गेली, गुरे गेली, गवताच्या गंजी गेल्या. १८९१ साली काँग्रेसने भरपाईदाखल १ लाख डॉलर मंजूर केले. वाटपासाठी जेम्स कूपर नावाचा खास अधिकारी आला. १८९२ साली वाटप झाले. त्या वेळी पाइन रिजचा एजंट होता कॅप्टन जॉर्ज ल-रॉय ब्राउन, लष्करातला अधिकारी. रॉयरच्या फजितीनंतर एजंटाच्या खुर्चीवर लष्करी माणसे बसवू लागले होते. वाटप होते न होते तोच लोक डॉक्टरकडे येऊ लागले. का डॉक्टरकडे? कारण भोक बुजले होते, दार उघडे होते, आणि आत बसलेल्याला त्यांची भाषाही येत होती आणि इंग्रजी आकडेही. त्यांची तक्रार अशी, की कागदावर एक रक्कम आहे आणि हातात पडली ती तिच्याहून कमी. शेकडा दहा-पंधरा डॉलर मधल्या मधे गेले.

मंडळी, हा प्रकार समजायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. निरक्षर माणूस टेबलापुढे उभा राहतो, मागे रांग रेटते. कारकून बोट दाखवतो तेथे तो फुली करतो किंवा अंगठा उठवतो. फुली पूर्ण रकमेपुढे पडते आणि नाणी अपुरी मिळतात. बाहेर जाऊन मोजली तर म्हणतात, सही केलीस ना? कागद तुझ्याविरुद्ध साक्ष देतो. आमच्या आयुष्यात आम्ही असले हजेरीपट किती पाहिले त्याची गणती नाही. आता पगार बँकेत जमा होतो, म्हणून हे संपले असे कोणी समजू नये. कंत्राटदार बँकेचे कार्ड स्वतःच्या खिशात ठेवतो, पगार जमा झाला की स्वतःच काढतो आणि हातावर ठेवायचे ते ठेवतो. रीत बदलली, हात तोच.

डॉक्टरने काय केले? औषध देणे एवढेच माझे काम, असे तो म्हणू शकला असता. नोकरीच्या नियमांत ते बसलेही असते. त्याने तक्रारी ऐकून घेतल्या, बायकोसह त्या वर कळवल्या, आणि पूर्वेकडच्या आपल्या वजनदार स्नेह्यांपर्यंत पोहोचवल्या. ब्राउनला हे खपले नाही. त्याच्या दृष्टीने डॉक्टर हा आपल्या हाताखालचा नोकर. त्याने आपल्याला वगळून वॉशिंग्टनला लिहायचे म्हणजे शिस्तीचा भंग. मग दोन्हीकडून पत्रे सुरू झाली. लोकांचे पैसे गेले की नाही, हा प्रश्न बघता बघता बाजूला पडला आणि डॉक्टर उद्धट आहे का, तो वरिष्ठांचे ऐकतो का, तो लोकांना चिथावतो का, हे प्रश्न पुढे आले. ज्यांनी कधी एखाद्या खात्यांतर्गत चौकशीत कामगाराची बाजू मांडली असेल, त्यांना ही युक्ती चांगली ठाऊक असते. आरोप चोरीचा असतो आणि चौकशी तक्रारदाराच्या वागणुकीची होते!

तपासणीस आले, गेले. वाटपाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. डॉक्टरला मात्र दुसऱ्या एजन्सीवर बदली देऊ केली गेली. ती त्याने नाकारली आणि जानेवारी १८९३ मध्ये राजीनामा दिला. पदरी बायको आणि तान्ही मुलगी. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरी जाऊन त्याने पाटी लावली.

त्याने बदली स्वीकारायला हवी होती का, यावर आमच्या वाचन मंडळात एकदा बरीच खडाजंगी झाली. एक मत असे, की तो गेल्याने लोकांचा डॉक्टर गेला. राहून झगडायला हवे होते. आमचे मत निराळे आहे. बदली ही शिक्षा आहे हे न बोलता स्वीकारून घ्यायचे, हीच त्यामागची अट होती. पण ज्या बायका त्याच्यापुढे बसून पोरांची दुखणी सांगत, त्यांचे पुढे काय, याला आमच्यापाशी उत्तर नाही, हेही येथेच सांगून टाकतो. एकट्या सज्जनाच्या लढ्याची ही जुनी अडचण आहे. त्याच्या पाठीशी स्नेही होते, वर्तमानपत्रे होती, संघटना नव्हती. ज्यांचे पैसे गेले त्यांना राखीव प्रदेशातून बाहेर पडायचे तर परवाना लागे, तो ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेच द्यायचा. यांतून संघटना उभी राहणार कशी? लाकोटांनी धीर सोडला नाही, हा भाग वेगळा. ब्लॅक हिल्ससाठी ते कोर्टात भांडत राहिले, १९८० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १० कोटींहून अधिक डॉलरची भरपाई मान्य केली, आणि त्यांनी ती घेतली नाही. डोंगर द्या, म्हणाले.

ईस्टमन पुढे पुष्कळ फिरला. ख्रिस्ती युवक संघाचे काम केले, १९०० साली क्रो क्रीक येथे पुन्हा सरकारी डॉक्टर झाला; तेथल्या एजंटाशीही त्याचे बिनसले आणि १९०३ साली तेही ठाणे सुटले. लेखक म्हणून नाव झाले. १९११ च्या उन्हाळ्यात लंडनला जगातील साऱ्या वंशांची एक परिषद भरली. तिच्यासाठी जमवलेल्या निबंधांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यात उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवरचा निबंध ईस्टमनचा आहे आणि हिंदुस्थानातील पूर्व-पश्चिम संबंधांवरचा आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांचा. एका पुस्तकाच्या दोन पुठ्ठ्यांत हे दोघे बसले आहेत, हे आमच्या फार उशिरा ध्यानात आले.

त्याआधी १९०३ ते १९०९ त्याने एक विलक्षण काम केले. राखीव प्रदेशांतून जमिनी वैयक्तिक नावावर होत होत्या. बापाचे नाव एक, मुलाचे नाव दुसरेच, आडनाव नावाची गोष्टच नाही. आणि कारकुनांनी केलेली भाषांतरे तर पुष्कळदा चेष्टाच. बाप वारला, की जमीन कोणाची हे सिद्ध करणे अशक्य, आणि टपलेले लोक टपूनच होते. ईस्टमनला सरकारने नेमले ते घराघराला एक आडनाव देऊन नोंदणीपट नीट करायला. तो पुन्हा घोड्यावर आणि गाडीतून वस्तीवस्तीला गेला. म्हाताऱ्यांना समोर बसवून त्यांचे मूळ नाव विचारी, अर्थ समजून घेई आणि उच्चाराला सोपे पण मूळ अर्थाला धरून असलेले नाव पटावर चढवी. नावे लिहिताना त्याने माणसांनाच विचारले, कारकुनांना नाही. १९३९ च्या जानेवारीत डेट्रॉइट येथे तो वारला.